गोल नसलेलं चाक

मानत नाही आपण, पण हात लावायचा नाही... आता तुम्हीच सांगा, हा काय नियम झाला? मानत नाही ना, मग हात लावू द्या. हात लावू देत नाही ना, मग मानतो म्हणा की सरळ. पण नाही, चार वर्षांची होते तेव्हापासून हेच ऐकतेय, आता वीस पूर्ण झाली, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, फिजिक्स घेतलंय, प्रयोगशाळेत चारशे व्होल्टच्या यंत्राला हात लावते तर कोणी काही म्हणत नाही, आणि घरात मागच्या सपरीकडे, म्हणजे पडवीकडे, नुसती मान वळवली की स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज, "शामे, मानत त नाही आपन, पन हात नोको लावू वं तिले."

तिले म्हणजे कोणाले? सायकलले.

आणि काहून म्हणून विचारायचं नाही. ते तर नियमाच्याही वरचं.

तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाचं घर असतं तर मी गप्प बसले असते. पण आमचं घर कसं? छप्पन साली दीक्षा घेतलेलं, आणि अर्धीमुर्धी नाही घेतली. माझी आत्या, यमुताई, तेव्हा ऐन पंचविशीतली, लग्न होऊन विधवा होऊन परत माहेरी आलेली, तिनं घरातले सगळे देव एका टोपलीत भरले, टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि सक्करदऱ्याच्या तलावात नेऊन बुडवले. परत येताना टोपली धुऊन आणली, म्हणे चांगली आहे, कांदे ठेवायला होईल. त्यानंतर या घरात अंगारा नाही, लिंबू नाही, मिरच्या नाहीत. शेजारची बाई अंगात येऊन घुमायला लागली तर ही जाऊन तिला विचारते, "सकाऊन जेवली होती का वं?" आणि ती बाई घुमायची थांबून म्हणते, "नाही ना यमुताई." असं घर. आणि या घरात, सपरीच्या खुंटीला, तरटाखाली...

रेसर आहे ती. खाली वाकलेल्या हँडलची, गोविंदाकाकाची. गोविंदाकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. अडुसष्ट साली शर्यतीत, हुडकेश्वरच्या रस्त्यावर, चढ चढताना चेन तुटली, पडला, डोकं दगडावर. चोवीस वर्षांचा होता. त्याला गाडीतून आणलं, मागून कोणीतरी सायकल हातानं ओढत आणली, ती खुंटीला टांगली, वरून तरट टाकलं, संपलं. त्यानंतर त्याचं नाव नाही घरात. फोटो नाही. जेवायला बसताना एक पाट जास्त पडला तर आत्या तो काही न बोलता उचलते, एवढंच.

आता तरट टाकल्यावर हँडलची दोन टोकं कशी वर येतात सांगू? खांद्यांसारखी. मान खाली घातलेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा आहे, असं. मी सोळा वर्षं त्या माणसाच्या मागून ये-जा केली आहे. वाऱ्यानं तरट हललं की आत्या बोलता बोलता मधेच थांबते, आणि हलायचं थांबलं की पुढचा शब्द तिथूनच उचलते, जसा काही वारा पाहुणा आहे आणि त्याच्यासमोर घरचं बोलायचं नाही. आणि माझे बाबा, चंपतराव, मिलमध्ये फिटर, सहा फुटी माणूस, पन्नाशी गाठलेला, सपरीतून जाताना समोरच्या भिंतीला पाठ घासत जातात. शर्टाला पाठीवर कायम चुना. मी विचारायची, "बाबा, भूत आहे का तिथं?" तर म्हणायचे, "भूत? भूतबित काही नसते. अभ्यास कर." आणि चुना झटकायचे.

मग भूत म्हणा ना... म्हणणार नाहीत. मानत नाही आपण.

गल्लीतल्या लोकांचं वेगळंच. त्या सायकलच्या पायडलपाशी जे दातांचं चाक असतं ना, ज्याच्यावरून चेन फिरते, ते म्हणे गोल नाही. लांबट झालंय. म्हणे जीव जाताना गोविंदा पायडल मारतच होता, त्या जोरानं चाक ताणलं गेलं, आणि जीव तिथंच अडकला, त्या लांबट जागेत. हे आमच्या आत्यासमोर बोलायचे लोक. आणि देव बुडवून टोपलीत कांदे ठेवणारी ही बाई त्यांना एका शब्दानं खोडायची नाही. नुसती तांदूळ निवडत बसायची. मला त्याचाच राग. म्हटलं अगं आत्या, त्या घुमणाऱ्या बाईला तू दोन वाक्यांत जमिनीवर आणतेस, मग इथं काहून तोंड शिवलं?

"मानत नाही आपन," म्हणायची.

"पण?"

"पन हात नोको लावू."

आता झालं काय, या जानेवारीत कॉलेजात सूचना लागली. मुलींची सायकल शर्यत, येत्या रविवारी, सक्करदरा तलावापासून हुडकेश्वरपर्यंत जाऊन परत. आमच्या खेळाच्या मॅडमनी विचारलं, "शामला, नाव देतेस, पण रेसर आहे का?" घरी काय आहे? बाबांची काळी सायकल, दोन दांड्यांची, जिच्यावर आमच्या गल्लीत एकदा कपाट नेलं होतं. तिच्यावर बसून शर्यत म्हणजे म्हशीवर बसून... पण तोंड माझं माझ्याही पुढं पळतं, "आहे मॅडम." झालं. वहीत नाव चढलं.

गुरुवारी दुपारी बाबा मिलमध्ये, आत्या कोणाच्या तरी बारशाला. मी सपरीत गेले. दोन्ही हातांनी तरट धरलं आणि ओढलं.

काही झालं नाही. खरं सांगते, मी जरा वाट पाहिली.

मग खाली बसून चाक पाहिलं. आणि लोक खोटं नाही बोलत हो, ते गोल नव्हतंच. अंड्यासारखं. एकीकडून लांब, एकीकडून आखूड. मी जरा मागं सरकले, कशाला लपवू? पण फिजिक्स कशासाठी घेतलं? म्हटलं, वस्तू आपटून वाकली तर आडवी वाकते, ताटासारखी मुरडते. हे चाक तर सपाट. मांडीवर ठेवलेल्या पाटीसारखं सपाट. आणि दात? एकेक दात सारखा, सेहेचाळीस, प्रत्येकाच्या कडेला कानशीचे बारीक ओरखडे. कोणाचा जीव जाताना सेहेचाळीस दात कानशीनं घासून जातो का? हे पडून झालेलं नव्हतं. हे कोणीतरी, बसून, मन लावून, असंच केलेलं होतं.

चेन तर नव्हतीच तिला. हातानं ओढत इतवारीला नेली, भांड्यांच्या गल्लीतून, हातगाड्यांमधून, ओमप्रकाशच्या दुकानात. ओमप्रकाश म्हणजे आमच्या घरच्या सायकली दोन पिढ्या दुरुस्त करणारा, साठीचा म्हातारा, बाटलीच्या बुडाएवढा चष्मा. मी म्हटलं, "चेन घाल भैया, आणि चाकं बघ." तो कोणाच्या तरी ट्यूबमधली हवा पाण्यात शोधत होता. वर पाहिलं. ट्यूब पाण्यातच सुटली हातातून.

"ये तो गोविंदा की है."

मग उठेचना. मीच स्टुलावर बसले. त्यानं ते चाक असं अंगठ्यानं पुसलं, जसं एखाद्या पोराचं नाक पुसतात, आणि म्हणाला, "इसी पटरे पे बैठ के बनाया था उसने. तीन महिना." सांगायला लागला, रद्दीतल्या कुठल्या परदेशी मासिकात गोविंदानं असं चाक पाहिलं होतं, चित्र एवढंसं, बोटभर. मग मिलमधून लोखंडाची पाटी आणली, आणि संध्याकाळी इथं बसून कानस. सगळी इतवारी हसायची. "काय गा गोविंदा, गोल चाकानं काय तुझं घोडं मारलं?" आणि ओमप्रकाशनं माझ्या काकाचा आवाज काढून दाखवला... तुम्हाला सांगते, सोळा वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला, एका परक्या म्हाताऱ्याच्या तोंडून, भर बाजारात, "पायाचा जोर गोल नाही ना राजेहो. पाय वरती असते तवा जोर नाही, समोर आला का जोर. मंग चाकच काहून गोल पाहिजे?"

बघा. हे मी कॉलेजात शिकले. जिथं पायात ताकद तिथं चाक मोठं, जिथं ताकद नाही तिथं लहान. हा माणूस सातवी नापास.

मी एवढी खूश झाले की काय सांगू. म्हटलं संपलं भूत, आज रात्री घरी जाऊन एकेकाला कागदावर आकृती काढून दाखवते. तेवढ्यात ओमप्रकाशनं चेन चढवली, मागचं चाक बसवलं, पायडल फिरवलं. आणि चेन खाली लोंबली. पुढं फिरवलं, तंग झाली. पुन्हा लोंबली. मी म्हटलं, "भैया, सैल आहे, कस ना."

"ढीली ही रहेगी बेटी." आणि मग समजावलं, गोल चाकावर चेन सगळीकडे सारखी, पण या चाकावर एका जागी तंग, एका जागी सैल. तंग जागा पाहून बसवायची आणि सैल जागेकडे लक्ष द्यायचं नाही. सैल पाहून कसली, की तंग जागी तिचा जीव जातो. मग चढावर उभं राहून जोर मारला की... आणि थांबला. फडक्यानं मागचा चिमटा पुसला, जिथं मागचं चाक मागं ओढून चेन कसतात आणि नट आवळतात ती जागा. मला जवळ बोलावलं. लोखंडावर नटाचे दोन वण होते. एक खोल, जुना, पुन्हा पुन्हा तिथंच आवळलेला. आणि त्याच्या मागं, अर्ध्या बोटावर, दुसरा. पुसट. एकदाच आवळलेला.

"गोविंदा कभी नहीं कसता था," म्हणाला.

"मग कोणी कसली?"

त्यानं चष्मा काढला. आता आमच्या घरात पाना कोणाच्या हातात असतो? तुम्ही आमच्या घरी या, नळ गळत नाही, खाट करकरत नाही, दाराचा खिळा हलत नाही. बाबा मिलमधून आले की चहाच्या आधी काहीतरी आवळतात. ही त्यांची माया करायची रीत आहे. मला कधी जवळ घेतलं असेल नसेल, पण माझ्या दप्तराची बक्कल कधी सैल राहिली नाही.

"मिट्टी के दिन," म्हणजे काकाला पोचवलं त्या दिवशी, ओमप्रकाश म्हणाला, "तेरा बाप एक एक को पकड़ के पूछ रहा था." आणि पुन्हा आवाज काढला, या खेपेला बाबांचा, "म्या त पहाटीच, तो उठाच्या आंधी, चेन कसून ठेवली होती त्याची. लय सैल होती. मंग कशी तुटली? सांगा ना, मंग कशी तुटली?"

तीन दिवस विचारत होते म्हणे.

ओमप्रकाशला कळलं होतं. त्यानं एकाच माणसाला सांगितलं, आत्याला, मागच्या अंगणात. आत्यानं ऐकलं, पदर खोचला, घरात गेली, सायकल खुंटीला टांगली, वर तरट टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं, हात लावायचा नाही.

आता कळलं ना? तिनं देव बुडवले आणि भूत पाळलं. गल्लीला बोलू दिलं, मला घाबरू दिलं, स्वतःला वेडं ठरू दिलं, पण तो फिटर माणूस त्या चिमट्याजवळ कधी वाकू नये, एवढं पाहिलं. सोळा वर्षं. आणि मी तिला प्रश्न विचारायची, तोंड काहून शिवलं म्हणून.

पण मी ऐकणारी आहे का? राग आला, तोही आला. म्हटलं, चूक बाबांची, खोटं आत्याचं, आणि शर्यत माझी जायची? सायकलवर बसले आणि सरळ हुडकेश्वरच्या रस्त्याला लागले. भर दुपार, दोन्हीकडे तुरीची वावरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि चाक काय चालतं तुम्हाला सांगू... पाय वर येतो तिथं कोणी तरी अलगद पुढं ढकलून देतं. खरंच, तळव्याखाली हात दिल्यासारखं. मी गाणं म्हणायला लागले. आणि तेवढ्यात मागून आवाज. टक... टक... टक... टक. सायकलचा. माझ्याच वेगानं. मी जोरात, तोही जोरात. मी हळू, तोही. वळून पाहिलं, रस्ता मोकळा.

सैल चेन चिमट्याला लागते. एका फेऱ्याला दोनदा. मला कारण माहीत होतं. पण कारण माहीत झालं की भीती जाते, असं जे प्रोफेसर म्हणतात ना, ते कधी हुडकेश्वरला सायकलवर गेलेले नाहीत. मी तीनदा वळून पाहिलं. आणि चढ आला, तोच चढ, तिथं तर मी काय केलं माहीत आहे? डावीकडे झाले. जागा दिली. म्हटलं, जा काका, तू हो पुढं.

कोणी गेलं नाही. मीच चढले.

घरी आले तर बाबा मिलमधून लवकर आलेले, अंगणात खाटेवर. आत्या दारात. रिकामी खुंटी दोघांनी पाहिलेली.

"कोणाले इचारून काढली वं?" आत्या.

"मानत नाही ना आपण? मग विचारायचं कशाला?"

"जबान पाहा पोट्टीची... मानत त नाही, पन..."

"पण काय? सोळा वर्षं 'पण'वर थांबतेस आत्या, आज पुढचं सांग."

तिनं बाबांकडे पाहिलं. फक्त क्षणभर. मग माझ्याकडे. आणि तिला कळलं की मला कळलंय, कारण तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या आत्याला विनवणी करता येते हेच मला माहीत नव्हतं. पण तोंडानं काय म्हणाली? "चंपत, आताच्या आता तलावात टाकून ये हे. मी येतो संगं. मले रस्ता मालूम हाय."

"मी रविवारी हिच्यावरच जाणार," मी म्हटलं. "टाकायची तर मला घेऊन टाका."

मला वाटलं बाबा ओरडतील. ओरडायला हवे होते. मी तयारच होते, माझ्याकडे उत्तरं होती, दोन तास पुरतील एवढी. पण ते उठले. अंगणातून सरळ चालत आले, भिंतबिंत काही नाही, आणि सायकलसमोर उभे राहिले. सीटवर हात ठेवला. सोळा वर्षांनी. म्हणाले, "त्याच्यावरच गेली पोट्टी. तोबी ऐके नाही." आणि हसले हो. आत्या मेल्यासारखी उभी.

मग खाली बसले. पायडल फिरवलं. चेन लोंबली.

"जातेच त जा बाई," म्हणाले, "म्या काहून अडवू. पन चेन पाह्य किती सैल हाय. अशी जाशील त पडशील. थांब, कसून देतो." आणि कनवटीचा नाही, खिशातला नाही, खाटेखालचा पाना त्यांच्या हातात कधी आला ते मी पाहिलंही नाही. नटाला लावला.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"नाही, बाबा."

"काहून?"

"कसायची नाही."

"अवं सैल हाय. दोन मिनिटं लागते."

"सैलच राहील. मी तुम्हाला हात लावू देणार नाही."

"अशीच त्याची बी..." ते म्हणाले, "अशीच सैल होती, त्या दिशी पहाटी, म्या..."

आणि थांबले. पाना नटावरच. त्याच्या शेजारी ते दोन वण, ओमप्रकाशनं पुसून लख्ख केलेले. मी काही बोलले नाही, शपथ, एक शब्द नाही. पण तीस वर्षं यंत्रं वाचणारा माणूस तो. त्यांनी एका हातानं पायडल हळूच फिरवलं. चेन तंग. अजून थोडं फिरवलं. सैल. पुन्हा फिरवलं. तंग.

मग पाना खाली ठेवला. आवाजसुद्धा होऊ न देता ठेवला.

आत्या येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. तुम्हाला सांगते, जन्मभर माझी एकच मागणी, की या मोठ्या माणसांनी ते 'मानत नाही, पण' सोडून एकदा, फक्त एकदा, माझ्यासमोर गप्प बसावं... बसलेत. परवापासून बसलेत. उद्या रविवार, सायकल तयार आहे, कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही, आणि मी घरभर भांडी आपटत फिरतेय, की कोणीतरी मला एकदा रागवा.